रोपं वाटू नका, लाकूड विकत घ्या

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या खरेदी विभागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा : मुख्य कार्यालयाने पाच वर्षांत कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करायला सांगितलंय. यंत्रं पाठवण्यासाठी पॅलेट आणि लाकडी पेट्या लागतात, त्यासाठी वर्षाला साधारण ६०० टन ओलं गोल लाकूड खर्ची पडतं. विजेचा वापर वर्षाला १२ लाख युनिट. व्यवस्थापनाचा विचार असा की येत्या पावसाळ्यात जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना एक लाख रोपं वाटायची, म्हणजे कार्बनही भरून निघेल आणि पुढे लाकूडही जवळ मिळेल. हे जमेल का?

जमेल, पण या क्रमाने नाही. रोपवाटप हे या कामातलं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत कमी उपयोगाचं पाऊल आहे. निफाड-दिंडोरीचा बागायतदार वेलीची एकेक काडी मोजून ठेवतो, त्याला रोप जगवायला शिकवायची गरज नाही. त्याची अडचण झाड तयार झाल्यावर सुरू होते. न्यायला कोण येणार, काय भावाने, तोडायला परवानगी लागते का, माल अर्धा ट्रकच भरला तर कोण उचलणार? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या हातात आहेत, कारण तुम्ही दरवर्षी लाकूड घेताच. वनशेतीला नाशिकमध्ये रोपं कमी पडत नाहीत. भरवशाचं गिऱ्हाईक कमी पडतं. कंपनीने काही द्यायचंच असेल तर खरेदीची हमी द्यावी.

आता कार्बनचा हिशेब, कारण बैठकीत तोच आधी विचारला जाणार. सोयीसाठी धरून चालू की चांगल्या जमिनीत नीलगिरी किंवा मलबार नीम एकरी वर्षाला सहा टन ओलं लाकूड देतं. त्यातलं जवळपास निम्मं पाणी, म्हणजे कोरडं लाकूड तीन टन. त्यात निम्मा कार्बन, म्हणजे दीड टन. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सांगायचं तर ३.६७ ने गुणायचं : साडेपाच टन. सहा वर्षांनी तोडायचं ठरवलं तर एकरात ३६ टन लाकूड उभं राहील. तुमची ६०० टनांची गरज भागवायला दरवर्षी साधारण १७ एकर तोडावे लागतील आणि सहा वर्षांचं चक्र पूर्ण करायला एकूण १०० एकर लागतील.

या १०० एकरांत एकदा चक्र बसलं की दरवर्षी जेवढं वाढतं तेवढंच तोडलं जातं. उभ्या झाडांतला साठा मग वाढत नाही, सरासरीला थबकतो. तोडणीच्या वेळी एकरात ३३ टन कार्बन डायऑक्साइडएवढा साठा असेल तर सहा वर्षांची सरासरी साडेसोळा टन, म्हणजे १०० एकरांवर १,६५० टन. मुळांचं धरलं तर हा आकडा पाव हिश्शाने वाढेल. हा साठा एकदाच मिळतो, दरवर्षी नाही. आणि तुमची वीज? देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. १२ लाख युनिटांचे ८४० टन, तेही दरवर्षी. म्हणजे १०० एकरांची सगळी वनशेती मिळून तुमच्या कारखान्याच्या जेमतेम दोन वर्षांच्या विजेची भरपाई करते. एवढं एक गणित फळ्यावर मांडलं की “झाडं लावून न्यूट्रल होऊ” हा विषय मिटतो.

तो मिटायलाच हवा, कारण हिशेबाचे नियमही तेच सांगतात. जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे उत्सर्जन आणि झाडांनी शोषलेला कार्बन वेगवेगळे दाखवायचे असतात, एकातून दुसरा वजा करून नाही. विज्ञानाधारित लक्ष्यांच्या उपक्रमात, म्हणजे एसबीटीआयमध्ये, शेती-जंगलाशी निगडित शोषण विजेच्या आणि इंधनाच्या लक्ष्याला लावता येत नाही. दुसऱ्याने वाचवलेल्या किंवा शोषलेल्या कार्बनची विकत घेतलेली क्रेडिटंही अल्पकालीन लक्ष्य गाठण्यासाठी धरली जात नाहीत. सेबीचा बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या पर्यावरणीय-सामाजिक जबाबदारीचा अहवाल २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीचा झालाय, आणि तुमचे मोठे गिऱ्हाईक त्यातच असणार. त्यांचे लेखापरीक्षक हे वाचतात. ३० टक्के तुम्हाला छपरावरच्या सौर पॅनेलमधून, कॉम्प्रेसरच्या गळत्या बंद करून, भट्टीचं इंधन बदलून आणि हरित वीज घेऊन काढावे लागतील. त्यावर वेगळं लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लाकडाकडे येतो.

लाकडाचा भाग तुमच्या तिसऱ्या स्कोपमध्ये, म्हणजे कारखान्याबाहेरच्या साखळीतल्या उत्सर्जनात येतो : विकत घेतलेला माल, त्याची वाहतूक आणि शेवटी पॅलेटचं काय होतं ते. इथे पहिली बचत झाडाची नाही, खिळ्या-पट्ट्यांची आहे. स्टोअरमध्ये जाऊन एक रिकामी पेटी उलटी करून बघा. तीन इंचांची चौकट जिथे पुरते तिथे चार इंची लावलेली असते, कारण पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी तसं ड्रॉइंग काढलं आणि नंतर कुणी उघडलं नाही. पुण्या-चाकणला जाणारं पॅलेट परत आणता येतं. तुटलेली एक फळी बदलली की ते पुन्हा उभं राहतं. गरज ६०० वरून ४५० टनांवर आली तर १०० एकरांची जागा ७५ एकर भागवतील, आणि शेतकऱ्यांशी करार करणंही तेवढंच सोपं होईल. म्हणून हे आधी.

मग आज येणारं लाकूड कुठून येतं ते शोधा. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, ‘आयएन’ आणि ‘एचटी’ अशी अक्षरं असलेला शिक्का असतो. पुष्कळ खरेदी अधिकारी तो शिक्का म्हणजे पर्यावरणाचं प्रमाणपत्र समजतात. तो आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का आहे. लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं ठेवलं, किडे-अळ्या मेल्या, एवढंच तो सांगतो. ते लाकूड शेतातलं की राखीव जंगलातलं, हे त्यातून कळत नाही. कळायचं असेल तर बिल बघा. बिलावर ‘जंगली लाकूड’ किंवा नुसतं ‘मिक्स’ लिहिलेलं असेल तर तुमच्या पुरवठ्याचा माग तिथेच तुटला. पॅलेटवाल्याला सांगा की पुढच्या तिमाहीपासून बिलावर जातीचं नाव हवं : नीलगिरी, पाइन, आंबा, सुबाभूळ, जे असेल ते. आणि ज्या आरागिरणीत कापलं तिचा वन खात्याचा परवाना क्रमांक. एवढ्यानेच निम्मी माहिती बाहेर येते. पाइन असेल तर ते बहुधा आयात केलेलं, गांधीधामच्या वखारींतून आलेलं असतं. तिथून नाशिक सातशे किलोमीटरच्या पुढे. टन-किलोमीटरला ढोबळमानाने शंभर ग्रॅम धरले तरी टनामागे सत्तर किलो कार्बन डायऑक्साइड नुसत्या ट्रकचा, आणि समुद्रातला प्रवास वेगळा. सिन्नर किंवा दिंडोरीहून तेच लाकूड तीस-चाळीस किलोमीटरवरून आलं तर हा आकडा तीन-चार किलोंवर येतो. अहवालात निर्धोकपणे दाखवता येईल अशी ही घट आहे.

युरोपात माल जात असेल तर जंगलतोडमुक्त मालाच्या त्यांच्या नियमाबद्दल विचारणा येईलच. त्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरचं लाकूड चालत नाही आणि त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. मात्र दुसरा माल सांभाळण्यापुरतं वापरलेलं पॅकिंग त्यातून वगळलेलं आहे. रिकामी पॅलेट म्हणून विकली तरच ती त्यात येतात. तरीही शेताचा गट क्रमांक आणि जागेची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण गिऱ्हाईक ती मागतं.

आता शेतकरी. या जिल्ह्याला वनशेती नवी नाही. १९८० च्या दशकात निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या विनायकदादा पाटलांच्या पुढाकाराने नीलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था इथे उभी राहिली आणि शेतातलं झाड हे पीक म्हणून विकता येतं हे लोकांनी पाहिलं. त्याच काळात गुजरात, हरियाणा, पंजाबातही नीलगिरीची प्रचंड लागवड झाली. सगळ्यांचा माल एकाच वेळी तोडणीला आला आणि दशकाच्या अखेरीस भाव पडले. जुन्या शेतकऱ्यांच्या मनात ते अजून आहे, आणि त्यांची शंका रास्त आहे. तुमच्या एक लाख रोपांतून पुन्हा तेच होईल. तीन बाय दोन मीटरवर एकरात साधारण पावणेसातशे रोपं बसतात. दरवर्षी १७ एकर लावायचे तर तुम्हाला साडेअकरा हजार रोपं पुरतात, मर धरली तरी तेरा हजार. लाख रोपं एका पावसाळ्यात लावली तर सहा वर्षांनी एकाच हंगामात दीडशे एकरांचा माल दारात येईल. तुम्ही १७ एकरांचा घ्याल आणि बाकीच्यांना दलालाच्या भावाला सोडून द्याल. दरवर्षी तेवढंच लावणं, तेही वेगवेगळ्या गावांत, हाच यातला कणा आहे.

जमीन कुठली निवडायची यात घाई नको. द्राक्षबागेच्या बांधावर उंच झाड लावायला सांगूच नका. बागेला सावली नको असते, आणि वाऱ्याच्या आडोशाला शेतकरी शेवरी वगैरे आपल्या हिशेबाने लावतोच. सिन्नर, येवला, नांदगाव या पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या पट्ट्यात नीलगिरी विहिरीजवळ लावली की शेजारी भांडायला येतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. तिथे पडीक, मुरमाड तुकडे बघा. ज्या जमिनीत बाजरीही धड येत नाही तिथे झाड हा उत्तम पर्याय आहे, पण वाढ एकरी सहा टन येणार नाही हे करारातच धरा. दिंडोरीच्या पश्चिमेला, इगतपुरीच्या कडेला पाऊस भरपूर असतो. तिथे मलबार नीम चांगला वाढतो, लाकूड हलकं आणि पॅकिंगला सोपं. सुबाभूळ कुठेही येतं, पण बी सांडून शेजारच्या माळावर पसरतं, त्यामुळे मी ते जपूनच सुचवतो. नीलगिरीला तोडल्यावर फुटवे येतात, दुसऱ्या फेरीला रोपाचा खर्च वाचतो. मात्र कोवळी नीलगिरी कापल्यावर टोकांना तडकते आणि फळ्या वाकतात. पॅलेटवाल्याने ती सावलीत थप्पी लावून सावकाश वाळवली पाहिजे, आणि खिळ्याआधी भोक पाडलं पाहिजे. त्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो पहिल्याच खेपेत “शेतातलं लाकूड चालत नाही” म्हणून हात वर करेल.

महोगनी आणि चंदनाच्या नावाने “एकरी कोटी, आम्हीच परत विकत घेऊ” असे करार घेऊन फिरणाऱ्यांनी कित्येक शेतकऱ्यांचे पैसे रोपांतच काढून घेतलेत. तुमचा माणूस गावात गेला की आधी त्याच चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं जाईल. म्हणून रोपांवर नफा कमवू नका, आणि फुकटही देऊ नका. निम्मी किंमत शेतकऱ्याने दिली की तो रोपाला पाणी घालतो.

करार मराठीत, दोन पानांत बसेल असा करा. त्यात मला चार गोष्टी दिसल्या नाहीत तर मी शेतकऱ्याला सही करू नको म्हणतो. किमान भाव, आणि बाजार वर गेला तर बाहेर विकायची मोकळीक. तोडणी, भराई आणि ट्रकभाडं कुणाचं ते स्पष्ट. तोडल्यापासून किती दिवसांत माल उचलणार. आणि काट्यावर वजन झाल्यापासून किती दिवसांत पैसे खात्यात. बाहेर विकायची मोकळीक दिली तर माल हातचा जाईल असं खरेदीवाल्यांना वाटतं. प्रत्यक्षात भाव नीट दिला तर कुणी जात नाही. इथे टोमॅटोच्या तारेला, कांदाचाळीला, शेडला लाकूड-बांबू लागतंच, म्हणजे शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक आहे. तुमचा भाव त्याच्याशी स्पर्धा करणारा हवा.

उचलायच्या मुदतीवर एवढा जोर का, तर तोडलेलं लाकूड दिवसागणिक पाणी सोडतं. टनाच्या भावाने सौदा झाला आणि ट्रक पंधरा दिवस आला नाही तर शेतकऱ्याचं वजन उन्हात उडून जातं. तुम्हाला मात्र वाळलेलं, म्हणजे अधिक चांगलं लाकूड त्याच दरात मिळतं. घनफुटाचा सौदा असेल तर वेगळंच कलम तपासा. बाजारात ओंडका मोजायची जुनी रीत म्हणजे घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. २४ इंच घेराचा, १० फुटी ओंडका घ्या. घेर दोन फूट, चौथा भाग अर्धा फूट, वर्ग पाव, गुणिले दहा : अडीच घनफूट. त्याच ओंडक्याचं खरं घनफळ ३.१८ घनफूट येतं. म्हणजे या रीतीत साडेएकवीस टक्के लाकूड मोजलंच जात नाही. आरागिरणीत साल-भुसा जातो म्हणून ही रीत आली, आणि दर त्या हिशेबाने ठरलेला असेल तर त्यात फसवणूक नाही. पण कार्बनच्या तक्त्यात खरं घनफळ आणि पावतीवर चौथाईचं घनफळ, असं एकाच कंपनीच्या दोन फायलींत दिसलं तर शेतकऱ्याने जाब विचारावा. कोणत्या रीतीने मोजणार ते करारात लिहा.

परवानग्यांचं काम कंपनीने अंगावर घ्यावं. नीलगिरी, सुबाभूळ, मलबार नीम ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत नाहीत. साग, खैर, आंबा, चिंच, मोह आहेत, त्यांना वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शेत मखमलाबाद-आडगावसारखं महापालिका हद्दीत असेल तर १९७५ चा नागरी भागाचा कायदा लागतो आणि कुठल्याही झाडाला विचारावं लागतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण भागात आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. तिथे व्यापाऱ्यासारखा थेट सौदा करू नका, आधी महसूल आणि वन खात्याकडे जा. वाहतूक परवान्याचं त्या-त्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून जातीनिहाय विचारून घ्या. आणि लागवडीच्याच वर्षी सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या, ई-पीक पाहणीत बांधावरची झाडंही नोंदवता येतात. सहा वर्षांनी भावाभावांत वाटणी झालेली असते आणि झाडं कुणाची हा वाद उभा राहतो. तेव्हा ही नोंदच कामाला येते.

एकेका शेतकऱ्याशी करार करण्यापेक्षा एखाद्या चालत्या शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत करा. तिघांचा माल मिळून एक ट्रक भरणं, काट्यावर उभं राहणं, पावत्या जपणं हे त्यांना जमतं. पुढे प्रमाणपत्र घ्यायचं झालं तर तेही गटानेच परवडतं. जंगल-लागवड नीट सांभाळल्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं आहेत : एफएससी आहे, पीईएफसीशी जोडलेली भारतीय व्यवस्था आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजना जाहीर केली आहे. मात्र साखळीतली आरागिरणी आणि पॅलेटवाला दोघेही प्रमाणित नसतील तर शेतातल्या प्रमाणपत्राचा दावा तुमच्या दारापर्यंत पोचत नाही. म्हणून पहिली तीन-चार वर्षं प्रमाणपत्राचा खर्च न करता सातबारा, जागेची नोंद, काटापावती आणि आरागिरणीचं बिल अशी चार कागदांची फाईल प्रत्येक ट्रकमागे ठेवा. गिऱ्हाइकाच्या बहुतेक प्रश्नांना ती पुरते.

कार्बन क्रेडिटांचा विषय कुणीतरी सल्लागार काढेलच. तोडणी होणाऱ्या लागवडीला व्हेरासारख्या क्रेडिट देणाऱ्या संस्थांच्या पद्धतींत सर्वोच्च साठ्याचं नव्हे, दीर्घकालीन सरासरीचंच क्रेडिट मिळतं, म्हणजे वर केलं तेच साडेसोळा टनांचं गणित. त्यातून मोजणी आणि पडताळणीचा खर्च वजा केला की १०० एकरांत हाती फारसं उरत नाही. शिवाय ते क्रेडिट बाहेर विकलं तर तोच कार्बन तुमच्या अहवालात दाखवता येत नाही. आणि दोन-तीन एकरवाल्या माणसाची जमीन कित्येक वर्षं झाडाखाली बांधून ठेवणाऱ्या कागदावर सही घ्यायला तुमचा माणूस जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्याला पाण्याची सोय झाली, मुलीचं शिक्षण आलं, द्राक्ष लावावंसं वाटलं, तर झाड तोडून जमीन मोकळी करता आली पाहिजे. तुमच्या लाकडाचा पुरवठा त्याने अडत नाही, कारण पुढच्या गावात पुढच्या वर्षीचे १७ एकर उभे असतात.

सुरुवात म्हणून या महिन्यात मागच्या वर्षभराची पॅकिंगची बिलं काढून जातवार टनेज मांडा. डिसेंबरपर्यंत पेट्यांची ड्रॉइंगं सुधारा. जानेवारीत शेतकरी कंपनीशी किमान भावाचं बोलणं करा आणि फेब्रुवारीत रोपवाटिकेला तेरा हजार रोपांची ऑर्डर द्या, म्हणजे जूनला ती हातभर होतील. आज ज्यांच्या बांधावर नीलगिरी उभी आहे आणि गिऱ्हाईक नाही, असे शेतकरी जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडून पहिले पाच-दहा ट्रक याच उन्हाळ्यात घ्या आणि पैसे ठरल्या दिवशी द्या. नव्या लागवडीसाठी गावात सभा घ्यायची वेळ येईल तेव्हा तुमच्या वतीने तेच बोलतील.